आरशातली दुसरी

५ सप्टेंबर १९८३
निवडलं मला! पावणे गावातल्या आमच्या केसांच्या तेलाच्या फॅक्टरीत बाटल्यांना बुचं लावणाऱ्या बावीस बायका, आणि जाहिरातवाल्यांनी बोट दाखवलं ते माझ्याकडे. गुडघ्यापर्यंत केस ना! नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर फोटो. ते कॅलेंडर गावोगावच्या वाण्यांकडे जातं — म्हणजे महाडलाही. म्हणजे आईला दिसणार.

विलासशी लग्न केलं त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून आईचा एक शब्द नाही. "वैजू मेली मला," म्हणाली होती.

९ सप्टेंबर
फोटो झाला. आरशासमोर बसवलं, कॅमेरा मागे. वेणी पाठीवर, तोंड आरशात. "हसा," म्हणाले. समोर आई आहे असं समजून हसले. फोटोवाला कुरकुरला — डोळे का भरले म्हणून.

१० सप्टेंबर
हिरामणला पत्र टाकलं. धाकटा भाऊ, तो आईला चोरून लिहितो मला. 'कॅलेंडरवर तुझी बहीण येतेय. आईला नुसतं दाखव.' इथे सानपाड्यात घरमालकीण बायजाबाईंना पेढेही दिले. घाई झाली का? होऊ दे.

२ नोव्हेंबर
अजून काही नाही. विलास म्हणतो, "छापायला वेळ लागतो, किती जीव काढतेस." त्याची आई महिन्याआड येऊन राहते. त्याला काय कळणार.

१९ डिसेंबर
कॅलेंडर आलं.

पाठ माझी. वेणी माझी. आरशात दुसरीच बाई — गोरी, धारदार नाकाची. माझं तोंड कापून तिचं चिकटवलंय. फॅक्टरीत सगळ्याजणींनी बघितलं, आणि पुन्हा बुचं लावायला बसल्या. ते जास्त लागलं. घरी बायजाबाई मात्र म्हणाल्या, "ही कोन गो? यात तू नाय हाय."

आता आई म्हणणार, पोरगी अजून खोटंच बोलते. क्लासला जाते सांगून लग्न करून आले होते, ते ती विसरली असेल होय?

२१ डिसेंबर
साहेबांना विचारलं — आरशात मी का नाही? हसले. "रागावू नकोस. तुझे केस खपतात, रंग नाही खपत." वर पुढच्या महिन्यात लेबलसाठी पुन्हा बसायचं. पाठ माझी, तोंड तिचं. मी म्हटलं, "पाठ हवी तर तोंडही घ्या. नाहीतर तिचे केस वाढेपर्यंत थांबा."

विलास म्हणाला, नोकरी जाईल. जाऊ दे. नाही, जाऊ नये. पण बसणार नाही.

४ जानेवारी १९८४
नोकरी आहे. पत्र नाही.

बुचं लावता लावता सारखं वाटतं, आईनं कॅलेंडर बघून तोंड फिरवलं असेल. तिनं मला एकदा बघायला हवं होतं, बास. तीही काळीच. आता मी अगदी तिच्यासारखी दिसायला लागलेय, आणि तिला ते माहीतच नाही.

११ जानेवारी
हिरामणचं पोस्टकार्ड. 'आईला वाण्याकडे नेलं. वाणी म्हणाला, ही मुंबईची कुणी मॉडेल आहे. आई म्हणाली, आरसा खोटा आहे, पाठ माझ्या पोरीची आहे. किती वाळलीय ती. आई रविवारी सकाळच्या एस.टी.नं पनवेलला येतेय. घ्यायला जा.'