जोडाखालची फूट

आप्पा, आज मी अहमदपूरच्या रोपवाटिकेत मोसंबीची कलमं आणायला गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. आपल्या माळावरच्या बोअरला उन्हाळ्यात पाणी राहत नाही. तिथे खाली मुळाला रंगपूर लिंबाचा खुंट आणि वर मोसंबी, असंच झाड तगेल. जंबेरी लिंबाच्या खुंटावरचं भराभर वाढतं, पण पाण्याचा ताण पडला की आधी वाळतं, हे तुम्ही मला शाळेत घालायच्याही आधी शिकवलंत. वरून दोन्ही सारखीच दिसतात. मोसंबीचा डोळा बसवलेल्या जोडाखाली खुंटाला फूट आली असेल, तर तिचं पान चुरगाळून वास घ्यायचा, म्हणजे खुंट कळतो.

तिथे एकाही कलमाला खालची फूट नव्हती. सगळे खुंट गुळगुळीत. मालक म्हणजे तुमच्याकडेच कलमांचे डोळे भरायला शिकलेले काका. मी वाकून पिशव्या बघायला लागले तसे ते हसले.

"काय शोधायलीस, बाई? रंगपूरच हाय."

"एखादी फूट ठेवायची की, काका. वास तरी घेतला असता."

"फूट ठेवली तर वरचं मोसंबं उपाशी मरतंय. तुझ्या आप्पानंच शिकवलंय. त्यांच्या कलमांचा वास घेत हुतं का कोण?"

बसमध्ये तेच डोक्यात. मी लहान आहे, अंगणात आपल्या विकायच्या कलमांच्या पिशव्यांच्या ओळीत बसले आहे, आणि तुम्ही ओरडून सांगताय, "पुसून घे गं माय, गिऱ्हाईक यायच्या आत." मी अंगठ्याने कोवळी फूट मोडते. गिऱ्हाईक यायच्या आतच का, आप्पा? दुष्काळात शेजारच्या मामांची अख्खी बाग वाळली, ती कलमं आपलीच होती, रंगपूरची म्हणून दिलेली. तुम्ही म्हणालात, "पाऊसच न्हाई, झाड तरी काय करल?" मामांनी मान डोलावली. त्यांचं बघून मीही.

कदाचित माझंच मन वाईट असेल. आई म्हणते, मला दूधवाल्याच्या मापावरही भरवसा नाही.

तुम्ही गेलात त्याआधीचं, विहिरीजवळचं तुमच्या हातचं शेवटचं झाड यंदा शेंड्याकडून वाळलं. जोडाखाली मात्र फूट आली आहे. झाड जगलं असं समजून आई तिला रोज पाणी घालते. ते मोसंबं नाही, नुसता खुंट आहे, हे मी तिला सांगितलेलं नाही. त्या फुटीचं एक पान चुरगाळलं की रंगपूर की जंबेरी, सगळं कळेल. मी अजून चुरगाळलेलं नाही. उद्या तेच मामा आईला भेटायला येणार आहेत, आणि त्यांना वास ओळखता येतो.

हा कागद मी मिटून ठेवते. संध्याकाळी विहिरीवर गेले होते, तेव्हा त्या फुटीवर एकदा अंगठा ठेवून पाहिला.