दोन सह्यांचे कुलूप आणि उर्मास नावाचा गोऱ्हा

योएन्सू, जुलैअखेर

प्रति,
मा. संचालक,
पूर्व पशुवंश संशोधन संस्था,
योएन्सू, फिनलंड.

विषय : क्लाउड साठ्याला मीच लावलेले कुलूप आणि त्यापायी संस्थेच्या सायकल-शेडमध्ये बांधावा लागलेला गोऱ्हा यांबाबत.

संदर्भ : १) मी प्रभारी माहिती-सुरक्षा अधिकाऱ्यास केलेला अर्ज.
२) प्रभारी माहिती-सुरक्षा अधिकारी या नात्याने मी तो फेटाळल्याचे माझे पत्र.

महोदया,

१. नम्र निवेदन की, मी, इल्पो हुर्स्काइनेन, आपल्या संस्थेत गुरांच्या जनुकीय क्रमांचे पृथक्करण करतो. ही माहिती आजवर तळघरातल्या यंत्रांत असे. ती यंत्रे इतकी तापत की हिवाळ्यात कर्मचारी त्यांच्यावर मोजे वाळत घालीत. सर्व माहिती क्लाउडवर, म्हणजे दूरच्या भाड्याच्या साठ्यात, हलवण्याचे काम वसंतात मजकडे आले. ते मी अंगात आल्यासारखे केले, हे प्रथमच नमूद करतो.

२. साठ्याचे नियम मीच लिहिले. साठा उघडायचा तर दोन व्यक्तींनी आपापली किल्ली एकाच वेळी लावावी, आणि संस्थेची कोणतीही माहिती वा तिची मूळ प्रत नष्ट करायची तर त्याच दोघांच्या लेखी सह्या असाव्यात. बैठकीत मी हे वाचून दाखवले तेव्हा कोणीही काही बोलले नाही. आपल्याकडे यालाच एकमत म्हणतात, सबब नियम मंजूर झाले. एक किल्ली माझी, दुसरी माझ्या समोरच्या टेबलावर बसणारे श्री. पेन्ती मार्तिस्काइनेन यांची. कुलूप मी मध्य-उन्हाळ्याच्या सणाच्या आदल्या दुपारी लावले, आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या देशासोबत पेन्तीही आपल्या उन्हाळी झोपडीवर, पिएलिनेन सरोवरातल्या बेटावर, निघून गेले. फोन आणि किल्ली त्यांनी काठावर उभ्या केलेल्या गाडीत ठेवली. "दुसरा किल्लीदार रजेवर असल्यास प्रभारी किल्लीदार साठा उघडील" असे नियमात आहे. प्रभारी किल्लीदार मी आहे. मात्र एकाच व्यक्तीने दोन्ही किल्ल्या लावू नयेत, हेही तिथेच आहे, आणि ते मी ठळक अक्षरांत छापून घेतले होते.

३. आता मुख्य मुद्दा. श्रीमती हेल्वी पुर्मोनेन यांच्याकडे आपल्या पूर्वेकडची बिनशिंगी, पाठीवर पांढरा पट्टा असलेली गुरे होती. गुडघे गेल्यामुळे त्या गोठा मोडत आहेत. गाई विकल्या गेल्या, उर्मास नावाचा एक गोऱ्हा उरला. हा त्यांच्या वडिलांच्या वेळच्या एका वळूच्या वंशातला आहे, असे हेल्वीबाई ठामपणे सांगतात. आपल्या नोंदींत तो वंश संपलेला आहे. त्या वळूची शेवटची गोठवलेली रेतमात्रा वसंतात आपण तपासणीत संपवली. त्यामुळे तो वळू आता फक्त माहितीच्या रूपात माझ्या कुलपाआड शिल्लक आहे, आणि उर्मासचे नाते त्याच्याशी ताडून पाहायचे तर साठा उघडणे भाग आहे. नाते जुळले तर देशी गुरे राखणाऱ्या सरकारी तुरुंगाच्या शेतावर उर्मासची रवानगी होईल. ती जन्मठेपच, पण गोऱ्ह्याच्या नशिबी याहून चांगले काही नसते. निकालाविना महिना संपला तर कत्तलखान्याची गाडी येणार, हे ठरलेले होते.

४. हेल्वीबाईंना मी फोनवर अडचण समजावून सांगितली. "कुलूप तूच लावलंस ना रे? मग? आमच्या गोठ्याला नुसता खिळा असतो. वाकवला की उघडलं," असे त्या म्हणाल्या. त्या वेळी संस्थेतील सर्वांत उच्चशिक्षित मीच होतो, कारण संस्थेत मी एकटाच होतो.

५. मी रीतसर माहिती-सुरक्षा अधिकाऱ्यांकडे अर्ज केला. त्याही रजेवर असून त्यांचा कार्यभार मजकडे आहे, असे उत्तर मला आपोआप आले, आणि लगोलग माझा अर्जही आला. मी तो बारकाईने वाचला. अर्जदाराची कळकळ खरी वाटली. परंतु स्वतःच्या अर्जावर स्वतः निर्णय देणे नियमबाह्य असल्याने मला मला नकार कळवावा लागला. पत्राची भाषा जरा कडक झाली, त्याचे मला दोन्ही बाजूंनी वाईट वाटले.

६. मग मी नाव वल्हवत बेटावर गेलो. पेन्तींना आनंद झाला. "आलास? बरं झालं. सौना तापलाय," एवढेच ते म्हणाले. सौनामध्ये, म्हणजे वाफेच्या स्नानघरात, कामाचा विषय काढणे बरे दिसत नाही, हे आपण जाणताच. नंतर आम्ही सरोवरात डुंबलो, विस्तवावर सॉसेज भाजले आणि पायरीवर गप्प बसलो. इतकी छान शांतता होती की ती मोडण्याचे धाडस झाले नाही. मी नावेत बसल्यावर त्यांनी विचारले, "काही काम होतं का रे?" मी म्हणालो, "छे, सहज आलो होतो." परतीच्या वाटेवर मी स्वतःला मोठ्याने मूर्ख म्हटले. पुन्हा गेलो असतो, पण दुसऱ्यांदा गेल्यास काहीतरी काम आहे असे वाटले असते.

७. कत्तलखान्याची गाडी ठरल्या दिवशी आली, तेव्हा मी गोठ्यावर होतो. हेल्वीबाईंनी उर्मासला ब्रशने घासून लख्ख केले होते, पहिल्या दिवशी शाळेत धाडायचे असल्यासारखे. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. चालकाने फळी खाली टाकली तेव्हा मी पिशवीतून संस्थेचा कागद काढला आणि गाडीच्या चाकाआड बसून लिहिले की, सदर गोऱ्हा ही साठ्यातील माहितीची मूळ प्रत असून दोन सह्यांशिवाय ती नष्ट करता येणार नाही. चालकाने कागद दोनदा वाचला. "दुसरा सहीवाला कुठंय?" "बेटावर." "फोन?" "त्याच्या गाडीत." त्याने समजूतदारपणे मान हलवली. "मग ऑगस्टपर्यंत काय होत नाही," असे म्हणून त्याने फळी उचलली आणि तो गेला. हेल्वीबाईंनी दोर माझ्या हातात दिला आणि कॉफी टाकायला आत गेल्या. त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत, आणि मीही आत गेलो नाही.

८. विकत घेणाऱ्याने गोठ्याचा ताबा मागितल्यामुळे उर्मास सध्या आपल्या सायकल-शेडमध्ये आहे. आपण टपाल न्यायला याल तेव्हा दचकू नये, म्हणून हा अर्ज दाराला लावत आहे. त्याने एक सीट खाल्ली असून ती माझ्याच सायकलची आहे. विनंती की, श्री. मार्तिस्काइनेन परत येईपर्यंत मूळ प्रत शेडमध्ये ठेवण्यास परवानगी मिळावी, आणि शक्य असल्यास मूळ प्रतीसाठी गवत मंजूर व्हावे.

९. साठा उघडल्यावर नाते जुळले तर प्रश्नच मिटला. न जुळल्यास उर्मास हा चारचौघांसारखा गोऱ्हा ठरेल, पण तपासणीमुळे त्याचीही माहिती साठ्यात आलेली असेल, आणि त्याची विल्हेवाट लावण्यासाठी नियमाप्रमाणे दोन सह्या लागतील. त्यांपैकी एक माझी आहे. ती मिळणार नाही.

सोबत : १) साठ्याच्या नियमांची प्रत. २) गोऱ्हा, प्रत्यक्ष.

आपला आज्ञाधारक
(कलम ९ मधील शेवटचे वाक्य वगळून),

इल्पो हुर्स्काइनेन