सतरा नंबरचं पॅराशूट

दि. ९ जून १९६१, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे.

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पाकिटावर 'सौ.' लिहायला गेलो आणि हात थांबला. पॅराशूट घडी करायच्या लांब टेबलाशी उभ्यानेच लिहितो आहे. समोर भावोजींचं सतरा नंबर पसरलं आहे.

अपघाताच्या चौकशीच्या कागदात 'वैमानिकाने पॅराशूट नेले नाही' एवढंच आहे. तू मागच्या पत्रात लिहिलंस, इतक्या निष्काळजी माणसाने संसार मांडूच नये. ताई, त्यांनी मागितलं होतं. मी दिलं नाही.

दर साठ दिवसांनी पॅराशूट उघडून, वाळवून, नव्याने घडी घालायची आणि कार्डावर सही करायची, असा नियम. मार्चमधल्या त्या सकाळी सतराचा एकसष्टावा दिवस होता. बाकीची सगळी बाहेर गेलेली. मी म्हटलं, दोन तास थांबा, घालून देतो. ते हसले. म्हणाले, मेहुणेबुवा, तुमच्या कार्डासाठी वारा थांबणार आहे का? सीटमधला पॅराशूट ठेवायचा खड्डा भरायला त्यांनी माझ्या खुर्चीवरची, तू शिवलेली उशी काखोटीला मारली. उशी परत आणा, एवढंच मी मागून ओरडलो.

इंजिनाने पेट घेतला, तेव्हा उडी मारण्याइतकी उंची होती. नियम पाळला म्हणून साहेबांनी माझी पाठ थोपटली.

आज सतराची दोरी ओढली. एका झटक्यात उघडलं. एकही घडी चिकटलेली नव्हती.

तू म्हणशील ते मान्य. तुझ्याकडे लोभ मागायचं तोंड उरलेलं नाही.

तुझा धाकटा

दि. २० जून

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून चार दिवस डब्यात ठेवलं. तीन महिने मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. त्यांच्या कोटाला हातसुद्धा लावला नव्हता. काल तो बाहेर काढला आणि पोटभर रडले. तेवढं तुझ्यामुळे झालं.

तुझी चूक नाही, असं मला लिहिता येत नाही. चूक आहे, असंही लिहवत नाही. लहानपणी तू दाराची कडी तीन-तीनदा तपासायचास आणि आम्ही हसायचो. पुढे हे मात्र म्हणायचे, तो पठ्ठ्या खाली आहे म्हणून मी वर निवांत असतो.

एवढ्यात येऊ नकोस. पत्र पाठव. सतरा नंबर नीट घडी घाल, सही कर. तारीख उलटली म्हणून पुन्हा कुणी रिकामा निघाला, तर दारात आडवा पड, पण जाऊ देऊ नकोस.

त्या उशीच्या जोडीची दुसरी इथे आहे. ती मात्र मागू नकोस.

तुझी ताई