आजोबांचा शाळेचा दाखला

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुम्हाला काही सांगायचं राहिलंय हेसुद्धा मी विसरले होते. परवा आठवलं.

कॉलेजच्या प्रवेशासाठी मला जातीचा दाखला हवा होता. तुम्ही खडकीच्या कारखान्यातून अर्धी रजा काढलीत, कडक इस्त्रीचा शर्ट घातलात आणि आपण दोघं कचेरीत गेलो. खिडकीतल्या कारकुनानं कागद चाळले आणि मान वर न करता विचारलं, "आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला कुठाय?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "साहेब, त्यांना शाळेत शिरू दिलं असतं, तर आज खिडकीच्या आत मी बसलो असतो." मागची रांग हसली. कारकून हसला नाही. "पुढचे या," म्हणाला. मी तुमच्यावरच चिडले. बाहेर आल्यावर म्हटलं, "विनोद करायची ही जागा आहे का?" तर म्हणालात, "मग कुठं करू? घरी तुझी आई हसत नाही."

नंतर कुणाकुणाला विचारून तुम्ही शोधून काढलंत, की आजोबा शाळेत गेलेच नसतील तर गावात चौकशी करून, जाणत्या माणसांचे जबाब घेऊन जातीचा दाखला देता येतो. नियमातच होतं ते. तुम्ही त्यासाठी तीनदा गावाला गेलात. मी शिकले, परीक्षा दिली आणि तशाच एका कचेरीत अधिकारी झाले.

मग सगळं बदललं, असं लोक म्हणतात. सरकारं बदलली, परवाने गेले, हिंजवडीला काचेच्या इमारती उठल्या. आमच्याकडेही कॉम्प्युटर आले, अर्ज ऑनलाइन झाले. पडद्यावर रकाना मात्र तोच: आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. तो जोडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. पूर्वी कारकून अडवायचा. त्याच्याशी निदान भांडता यायचं.

गेल्या आठवड्यात बिबवेवाडीचा एक शिंपी मुलीला घेऊन आला. तिचा इंजिनिअरिंगचा प्रवेश अडकलेला, मुदतीला चार दिवस उरलेले.

"आजोबांचा शाळेचा दाखला जोडा."

"ते शाळेत गेलेच नाहीत, मॅडम."

"मग सिस्टीम घेणार नाही. पुढचे या."

"बरं," म्हणून तो कागद पिशवीत भरू लागला. मुलगी हलली नाही. "मॅडम, आजोबांना शाळेत घेतलं नाही, ही त्यांची चूक आहे का?" बापानं तिचा दंड धरला. "चल गं. त्यांना कामं आहेत."

जिन्यात गाठलं मी त्यांना. मला धाप लागली होती. परत आणून बसवलं, अर्ज कागदावर लिहून घेतला, त्यांच्या गावच्या तलाठ्याला फोन करून चौकशी त्याच दिवशी लावली. तो नियम अजून पुस्तकात आहे, अण्णा. चौथ्या दिवशी जातीचा दाखला मुलीच्या हातात दिला. बापानं पेढे आणले, तर मी ओरडले, "इथं हे चालत नाही." मुलीनं तरी एक टेबलावर ठेवलाच.

खरं तर तुम्हाला हे जरा ताठ मानेनं कळवायला बसले होते. पण त्या रकान्यासमोर मी सहा वर्षं बसतेय. या शिंप्याच्या आधी किती जण जिना उतरून गेले, मला सांगता येणार नाही. नियम मला तेव्हाही पाठ होता. कुणी विचारला नाही, म्हणून मी सांगितला नाही.