दोन बोटांचं अंतर

प्रिय चिमणे,

अक्षराला हसू नकोस. कोंबडीचे पाय उमटलेत, हे मलाही दिसतंय. फोनवर तू म्हणालीस, महिनाअखेरीस राजीनामा देते आणि कायमची घरी येते. मी रडले, तेव्हा तुझ्या बाबांना वाटलं, आनंदानं रडतेय. साऱ्या गावाची मापं घेतली त्यांनी, पण बायकोचं रडणं काही त्यांना ओळखता येत नाही.

मला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा तू मिळेल ते पहिलं विमान धरलंस. येताना आठ तास, जाताना नऊ. अंतर तेवढंच, मग हा वरचा तास कुठला, असं बाबांनी खोदून विचारलं. तू म्हणालीस, इकडे येताना वारा पाठीशी असतो, जाताना तोंडावर. मला लगेच पटलं. माहेरची ओढ विमानालाही असणारच.

बाबांना मात्र पटेना. त्यांनी दुकानातल्या नकाशाला टेप लावली आणि तुझ्यावरच आळ घेतला. नकाशात सरळ रेघ आहे, मग विमान वर बर्फाच्या बाजूनं वळसा का घालतं? नवं गिऱ्हाईक दिसलं की टॅक्सीवाले असंच फिरवतात म्हणे! आणि विमानांचे मार्ग आखायची नोकरी तर तुझीच. तू माझ्या व्यायामाचा रबरी चेंडू घेतलास, पेनानं आपल्या दोन शहरांचे दोन ठिपके दिलेस आणि त्यांच्याच रिळाचा दोरा वर ताणलास. दोरा आपसूक वरच्या अंगानं गेला. मध्ये जेमतेम दोन बोटांचं अंतर. बाबांना पटलं, आणि मग ते आठवडाभर कपडे शिवायला आलेल्या प्रत्येकाला तो चेंडू दाखवत बसले. एवढा अभिमान तोंडावर सांगायची त्यांना सवय नाही, म्हणून मी सांगते.

नंतर तो चेंडू तू माझ्या निर्जीव तळव्यात ठेवलास आणि एकेक बोट मिटवलंस. माझी वेणी घातलीस, घास भरवलेस. चमचा पडला की चमच्यालाच रागावलीस. लेकीचे आभार कसले मानायचे, असं लोक म्हणतात. म्हणोत. मी मानते, पोरी, अगदी मनापासून.

तू गेल्यापासून चेंडू दाबतेच आहे. ठिपके पुसट होतात, बाबा ते पुन्हा गिरवतात, आणि दर वेळी थोडे जवळ आणतात. लबाड आहेत. काल मी एक काज केलं. तिरकं झालंय, पण बटण जातं त्यातून.

झटक्यानंतरची आजवरची पत्रं मी सांगायची आणि बाबांनी लिहायची. हे लिहायला मला तीन दिवस लागले, पण त्यांना हात लावू दिला नाही. तेव्हा तो राजीनामा फाडून टाक आणि सुट्टीला ये, वारा पाठीशी आहेच. हे पत्र मी उजव्या हातानं लिहिलंय.

तुला घट्ट मुठीत धरून,
तुझीच आई