पाण्यावरची बाज

कडम धरण, गेस्ट हाऊस
१२ जानेवारी १९८७

ती. मनकर्णाअक्कास,
धाकट्या नागनाथचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे सर्व ठीक. बाबा अजून जमिनीवरच, भिंतीकडे तोंड करून निजतात का? लकव्याच्या झटक्यानं डावा हात गेला तो गेला, पण बोलणंही जावं हे मला सोसत नाही. त्यांची अर्धी विणलेली बाज ओसरीवरून हलवू नकोस.

आता माझी फजिती ऐक. हैदराबादच्या एका मेजरसाहेबांनी इथे तळ्यावर होडी आणून ठेवली आहे. होडी कसली, शेजारी-शेजारी दोन निमुळत्या होड्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या नळ्या, आणि मधल्या रिकाम्या चौकटीत ताणलेलं जाळीचं कापड. त्याला ते ट्रॅम्पोलीन म्हणतात. माणसं त्यावरच बसतात. इंजिन नाही, धूर नाही. शीड चढवलं की वाऱ्यावर निघते. पहिल्यांदा निघाली तेव्हा मी चहाची किटली हातात धरून काठावर नुसता उभा राहिलो. चहा गार झाला, साहेब परतल्यावर पुन्हा करावा लागला.

जुनं कापड उन्हानं विरलं. साहेबांनी नवं पाठवलं, कडेनं भोकं असलेलं. दोरीनं ओवून ताणायचं, एवढंच काम. मी बाजा विणणाऱ्याचा मुलगा आहे, म्हणून फुशारकी मारली. घरच्यासारखी सुती दोरी घेतली आणि बाबा ओढायचे तशी पायानं रेटून ओढली. टणटणीत झालं. पण पाण्यात ढकलल्यावर दोरी भिजून अशी आकसली, की दोन्ही होड्यांची नाकं एकमेकींकडे वळली आणि कोपऱ्यातलं भोक फाटलं. साहेब महिनाअखेर येतील. बाबांना विचारून पाहशील? बोलले तर.

भाऊजींना जयभीम. माया आहे तशीच राहू दे.
तुझा नागनाथ

वांकिडी
२० जानेवारी १९८७

चि. नागनाथ यास अनेक आशीर्वाद व जयभीम.

शाळेतून आल्यावर तुझं पत्र बाबांच्या उशाशी बसून मोठ्यानं वाचलं. ते हललेसुद्धा नाहीत. दोरी आकसली तिथे आले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. पुन्हा झटका आला म्हणून मी घाबरून ह्यांना हाक मारली. पाहते तर म्हातारा हसतोय! मग जड जिभेनं तुझा उद्धार सुरू झाला. पावसात अंगणात राह्यली का बाज वाकडी होऊन एक पाय वर उचलते, हे या पोट्याले ठाव नाई काऊन, असं विचारत होते. मला रडू येत होतं आणि हसूही. बाकीच्या शिव्या लिहीत नाही, मी मास्तरीण पडले.

त्यांचं सांगणं असं. दोरी आधी भिजव आणि ओली असतानाच ओढ. सुकल्यावर ढिली वाटली तरी हात लावू नकोस, पाण्यात गेली की आपोआप भरून येईल. कोपऱ्यापासून नको, मधून सुरू कर. एक ओढ इकडे, एक तिकडे. फाटल्या भोकाला चामड्याचं ठिगळ लाव. हे नीट कळावं म्हणून त्यांनी मला अंगणात दोन बांबू रोवून त्यांत पोतं ताणायला लावलं. पोरीच्या हाताला ओढ नसते म्हणत बाजेच्या दोरीला ते मला शिवूही देत नसत, आठवतं ना? पोतं होतं म्हणून चाललं असेल.

आता नवाच हट्ट धरलाय. विणणाऱ्यानं आधी स्वतः बसून पाहायचं, मगच बाज दुसऱ्याच्या हाती द्यायची, हा त्यांचा नेम. ही पाण्यावरची बाजही बसून पाहिल्याशिवाय देणार नाहीत. मला भीती वाटते रे. मंचेरियालला बस बदलायची, त्यात हा पाण्याचा खेळ. पण नाही म्हटलं तर पुन्हा भिंतीकडे वळतील. तुझे भाऊजी डोमाजी त्यांना घेऊन येताहेत. जपून.

तुझी काळजी करण्याचा हक्क राखून,
अक्का

कडम धरण
३ फेब्रुवारी १९८७

ती. अक्कास सप्रेम जयभीम.

बाबा सुखरूप आहेत, हे आधी सांगतो. हे पत्र भाऊजींच्याच हाती देतोय.

त्यांच्या सांगण्याप्रमाणे मी नव्यानं ओवलेली एकेक दोरी बाबांनी काठावर बोटांनी चाचपली. ढिली लागली तसे डोळे वटारले. सुकल्यावर ती ढिली वाटणारच, या त्यांच्याच सांगण्याची त्यांना आठवण करून द्यावी लागली. साहेबांनी त्यांना तरंगायचं जॅकेट चढवलं, भाऊजींनी आणि मी उचलून मधोमध बसवलं, मग साहेब आणि मीही चढलो. शिडात वारा भरला. दोरी भिजली आणि अंगाखालची जाळी हळूहळू अशी भरून आली, की नव्या बाजेवर बसलोय असं वाटलं. होड्यांची नाकं सरळ राहिली.

मग बाबा एकदम पालथे झाले. मी धरायला पुढे सरकलो, तर ते जाळीला डोळे लावून खाली पाहत होते. हिरवं पाणी त्यांच्या नाकाखालून धावत होतं. तसेच पालथे म्हणाले, की जल्मभर बाजा विणल्या, पण बाजेखालून जमीन पळून राह्यली असं कदी पायलं नाई. आणि अक्का, मग ते उताणे झाले. पाय पसरले. भिंत नाही, छप्पर नाही, वर नुसतं आभाळ, आणि आपले बाबा पाण्यावर बाजेवर निजलेले. मी हे पाणी रोज पाहतो, पण ते एवढं मोठं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

आठवण ठेव, रागावणं कमी कर.
नागनाथ

वांकिडी
१५ फेब्रुवारी १९८७

चि. नागनाथ यास आशीर्वाद व जयभीम.

बाबा आले ते चहा न घेता थेट ओसरीवरच्या अर्ध्या बाजेपाशी गेले. उजव्या हातानं दोरी ओवली, पण ओढायला दुसरा हात कुठला? मग टोक माझ्या हाती दिलं आणि ओढ म्हणाले. मी बिचकत ओढली, तर ओरडले, की भात नाई खाल्ला का?

शाळेतून आले की रोज आम्ही विणायला बसत होतो. काल बाज पुरी झाली. मी ती खाली ठेवली, चारही पाय टेकलेत ना पाहिलं, आणि त्यांना बसवायला हात पुढे केला. त्यांनी मान हलवली. म्हणाले, विणणाऱ्यानं आधी बसून पायचं असते, तू बस.

मी बसले, नागनाथ.

येशील तेव्हा तुलाही बसू देईन.
तुझी अक्का