साडेसातच्या मालिकेचा आवाज

३ नोव्हेंबर, सोमवार
संध्याकाळच्या कॉलवर क्लायंटने विचारलं, तुमच्याकडे कोणी रडतंय का? मालिकेतली नायिका होती. मी नेटवर्कचं कारण दिलं. रोझरीची प्रार्थना संपली की मम्मी टीव्ही लावते आणि आवाज शेवटपर्यंत नेते. कारण उघड आहे: स्पीकर टीव्हीच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून. संवादांचा चिखल होतो. संवाद स्पष्ट झाले की आवाज आपोआप खाली येईल. नवा साउंडबार घेणार नाही, घरातल्या वस्तूंत भागवायचं. हे सगळं मम्मीच्या कानांसाठी. कॉलचा संबंध नाही.

४ नोव्हेंबर
सेटिंगमध्ये सराउंड बंद, क्लिअर व्हॉइस चालू. संवाद निश्चित सुधारले. मम्मी म्हणाली, छान झालं गं. आणि आवाज शेवटपर्यंत नेला. सवय आहे. जाईल.

८ नोव्हेंबर, शनिवार
डॅडींची जुनी म्युझिक सिस्टिम माळ्यावरून काढली. टीव्हीला फक्त ऑप्टिकल आउटपुट, सिस्टिमला लाल-पांढऱ्या पिना. दोन्ही जोडायला स्टेशनजवळून साधा कन्व्हर्टर आणला. दोन्ही स्पीकर सोफ्यावर बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीला. आता कुजबुजसुद्धा कळते. टीव्हीच्या रिमोटने आवाज वाढत नाही, सिस्टिमच्या बटणानेच वाढतो, आणि सिस्टिम माझ्या खोलीच्या दाराशी. ही त्रुटी नाही, सोय आहे. डॅडी म्हणाले, टिफनी, काम चोख आहे, पण तुझ्या मम्मीचा चेहरा बघ एकदा. चेहरा हे मोजमाप नव्हे.

१० नोव्हेंबर, सोमवार
नवी अडचण. मालिका लागली की मम्मी गल्लीकडची खिडकी उघडते. एरवी नाही. आवाज बाहेर वाया जातो. समोर इझाबेल काकीचं स्वयंपाकघर, गल्ली इतकी अरुंद की कढीपत्ता हातोहात देता येईल. पण काकी, म्हणजे डॅडींच्या धाकट्या भावाची बायको, आणि मम्मी पावसाळ्यात गटाराच्या पाण्यावरून भांडल्या, तेव्हापासून बोलणं बंद. मग खिडकी कशाला? मी लावली. तिने उघडली. मी लावली. तिने उघडली. म्हणाली, उकडतं. टेबलफॅन आणून तिच्यावर रोखला. प्रश्न मिटला. मम्मी शाल गुंडाळून बसली होती. खिडकी उघडीच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी कमळी मासळी घेऊन आली. टोपली उतरवायच्या आधीच म्हणाली, समोरची इचारते, त्या पोरीचं लगीन झालं का मोडलं? आनि तुमच्या टीव्हीचा घसा बसला काय? कोन आजारी हाय का?

मम्मी माझ्याकडे वळली. काकीच्या मुलाने, जॅक्सनने, विरारच्या फ्लॅटवर राहायला जाताना टीव्ही नेला, तेव्हापासून काकी भाकऱ्या थापत आमचीच मालिका ऐकते, हे मला आज कळलं. मम्मी म्हणाली, भांडलो म्हणून काय तिला मालिकापण नको? तिला वाटत असेल, मीच मुद्दाम आवाज बंद केला. एवढंच राहिलं होतं आमच्यात, तेपण तू तुझ्या बटणावर ठेवलंस.

मी शांतपणे सांगितलं की ऐकणारी व्यक्ती खोलीबाहेर आहे, ही माहिती सुरुवातीलाच मिळायला हवी होती. डिझाइन बरोबर होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सुधारित आराखडा. एक स्पीकर सोफ्याकडे, दुसरा खिडकीच्या गजांना बांधून थेट काकीच्या स्वयंपाकघराकडे. दोघींना पुरेसा आवाज, माझी खोली शांत. साडेसातला चालू केला. नायिकेने पहिला हुंदका दिला आणि काकी दारात. हात पिठाने माखलेले. म्हणाली, माझ्या तोंडावर लग्नाचा भोंगा बांधलास गं? त्यापेक्षा इथे येऊन बसते. मम्मी म्हणाली, बस की, तुला कोणी धरून ठेवलं होतं?

१७ नोव्हेंबर, सोमवार
काकी आजही आली. रोज येणार आहे.

ध्वनीच्या दृष्टीने प्रयोग यशस्वी. प्रत्येक शब्द स्वच्छ. ऐकत कोणी नाही. पावसाळ्यापासूनचं तुंबलेलं बोलणं दोघी आता संपवताहेत, एकमेकींच्या मांडीवर थापा मारत. मध्येच मम्मीने मला हाक मारून सांगितलं, तो टीव्ही बंद कर, काकीचं ऐकू येत नाही.

टीव्ही बंद केल्यावर खोलीतला आवाज वाढला. दार लावून उपयोग नव्हता. कॉल मागच्या वाडीत, केळीखाली उभी राहून घेतला. डास फार. क्लायंट म्हणाला, आज आवाज एकदम स्पष्ट येतोय, काय बदललं?

नवा कन्व्हर्टर, मी म्हटलं.